लंकाबाईंनी परत आणलेली शाल

धनराज आहेर यांच्या कपाटात फायली कमी आणि शाली जास्त. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जनसंपर्क अधिकारी म्हणून एकोणतीस वर्षं काढली ती या शालींच्या जिवावर. कुणी तणतणत आलं की साहेब उठून उभे राहायचे, चहा मागवायचे आणि 'जागरूक नागरिक' म्हणून शाल-नारळ देऊन फोटो काढायचे. सत्कार झालेला माणूस भांडत नाही, हा त्यांचा अनुभव. तक्रार जिथल्या तिथे, माणूस मात्र खुशीत घरी. एकदा गेलेला पुन्हा आला नाही, हे ते मोठ्या तोऱ्यात सांगत. निवृत्तीला महिना उरला होता आणि हा विक्रम त्यांना जपायचा होता.

अशात इंदिरानगरच्या मागच्या एका कॉलनीतून लंकाबाई आल्या. त्या अंगणवाडी सेविका. अंगणवाडीच्या फाटकासमोरचं गटाराचं चेंबर दोन महिने उघडं होतं आणि खूण म्हणून त्यांनी त्यात झाडाची फांदी खोचली होती. बाई तोंड उघडतायत तोच खांद्यावर शाल पडली. फोटो पेपरात आला, शेजारणींनी पेढे मागितले, चेंबर उघडंच राहिलं. त्याच आठवड्यात चार वर्षांच्या सायलीची चप्पल आत पडली. पोरगी थोडक्यात वाचली. लंकाबाईंना त्या शालीची भयंकर लाज वाटली.

सोमवारी त्या पुन्हा आल्या. सोबत कॉलनीतल्या पंचवीस बायका आणि एक पत्रकार. आहेरांना काही कळायच्या आत लंकाबाईंनी तीच शाल त्यांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. लेकरांसाठी साहेबांनी चेंबर झाकलं म्हणून हा सत्कार, असं खणखणीत सांगूनही टाकलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

आहेर कसनुसं हसत पुटपुटले, "ताई, ते अजून झाकलेलं नाही."

"ठाऊक हाय साहेब. फोटो आज काढलाय. बातमी हे पत्रकार उद्या सकाळी दहाला झाकण बघून लिहिणार हायेत."

बायका गेल्या आणि आहेर धावतच वरच्या मजल्यावर अभियंता कुंदनकडे गेले. कुंदनने मंजुरी, प्रस्ताव वगैरे सुरू करताच त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. कपाटातली एक नवी शाल त्याच्या अंगावर घातली आणि उद्याच्या बातमीत त्याचंही नाव येणार असल्याचं सांगितलं. कुंदन मुकाट्याने झाकण शोधायला निघाला.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला झाकण बसलं. आहेर कालचा नारळ घेऊन स्वतः हजर होते. पोरांनी त्यावर उड्या मारल्या, सायली सर्वांत जास्त. लंकाबाईंनी आहेरांच्या हातातला नारळ घेऊन फाटकाच्या पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा त्यांनाच दिला. आजवर आहेरांनी शेकडो नारळ वाटले होते, पण त्यातलं खोबरं कधी वाट्याला आलं नव्हतं. त्यांना शरम वाटली आणि बरंही वाटलं.

तोंडातला घास संपतोय तोच लंकाबाईंनी पिशवीतून आणखी एक शाल काढली. कोपऱ्यावरच्या दिव्याची तक्रार केली म्हणून शेजारच्या सावळीरामांना गेल्या वर्षी मिळालेली.

"दिवा अजून बंदच हाय साहेब," त्या शालीची घडी मोडत म्हणाल्या. "कॉलनीत अशा आणखी सात निघाल्या. तुमचे तीन आठवडे बाकी हायेत ना?"