हात दाखवा, शेषरावभाऊ

मित्रांनो, मी खंजिरी आहे. जुनी आहे, पण मुकी नाही. हे आधीच सांगते, कारण जुन्या वस्तू बोलू लागल्या की लोकांना वाटतं, आता रडगाणं ऐकावं लागणार. मी ज्या बाईच्या हातात वाजते, तिला रडगाणं येतच नाही.

बाळापूरच्या नत्थुजींनी मला घडवलं. आंब्याच्या लाकडाचं कडं, त्यावर ताणलेलं बकरीचं पातळ कातडं आणि खाचांमध्ये पितळी चकत्यांच्या पाच जोड्या. १९५२ साली अकोटच्या बाजारात त्यांनी मला मांडलं. भजनी मंडळाची माणसं येत, वाजवून बघत आणि खाली ठेवत. मग एक बाई आली. तिच्या केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू अडकले होते.

"कोनासाठी पायजे, बाई?" नत्थुजींनी विचारलं.

"माह्यासाठी."

"बायामानसं नाई वाजवत हे."

"मंग मी वाजवतो म्हना," ती म्हणाली आणि तिनं मला अशी थाप मारली की शेजारचा भांडीवाला वळून बघू लागला.

ती जाईबाई. अकोटच्या एका जिनात ती कामाला होती. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रापुढं दिवसभर उभं राहायचं. त्या गोंगाटात बाकीच्या बायका ओरडून बोलत. जाईबाई गात असे. गाणी स्वतः रचलेली, चालही स्वतःची. तिचा नवरा मोतीराम त्याच जिनात रुईच्या गाठी उचलायचा. घरी आल्यावर तो चूल पेटवायचा आणि ती मला घेऊन ओट्यावर बसायची. शेजारी हसायचे.

"हसू दे त्याइले," मोतीराम म्हणायचा. "तू वाजव, मी ऐकून राहिलो."

१९५६ च्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. आल्यावर आठवड्याभरात तिनं हे गाणं रचलं:

सरकी निघाली बाई, रुई झाली हलकी,
मानसाच्या मनातली कधी निघन सरकी?

आमच्याकडं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायची रीत आहे. तिनंही गुंफलं:

जाई म्हणे, हात माझे रुईनं झाले पांढरे,
घामाले जात कोनती, सांगा मले कोनी रे?

हे गाणं अकोल्याच्या शेषरावांच्या कानावर गेलं. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती, गळा गोड होता, अक्षर मोत्यासारखं होतं. जाईबाईला लिहिता येत नव्हतं. "तुमी सांगा, मी लिहून घेतो," ते म्हणाले. तिच्या सतरा गाण्यांनी त्यांची वही भरली. त्यांनी तिला पार्टीतही घेतलं, मागं साथ धरायला.

पुढच्या एप्रिलात जयंतीचा कार्यक्रम होता. अकोल्यात मोठा मंडप, समोर दोन-तीन हजार माणसं. शेषरावांनी सरकीचं गाणं धरलं आणि मंडप डोलू लागला. मीही रंगात आले होते. शेवटचं कडवं आलं. शेषराव गायले, "शेषराव म्हणे, हात माझे रुईनं झाले पांढरे..."

जाईबाईचा तळवा माझ्या कातड्यावर तसाच थांबला. ती उठली आणि पुढं माइकजवळ गेली.

"हात दाखवा, शेषरावभाऊ."

शेषराव हळूच म्हणाले, "बाई, मांगं बसा. कार्यक्रम सुरू हाय."

"रुईनं पांढरे झाले म्हनता न? मंग दाखवा सगळ्याइले."

समोर कोणीतरी फिस्सकन हसलं. शेषरावांनी नकळत मुठी मिटल्या. त्यांच्या बोटाला शाईचा डाग तेवढा होता. जाईबाईनं मला उंच धरलं, ते कडवं स्वतःच्या नावानं गायलं आणि मंचाच्या पायऱ्या उतरून चालू लागली. मोतीराम गर्दीतून वाट काढत मागून आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी टाळ्या फार पडल्या नाहीत. कार्यक्रम नासवला म्हणून लोक चिडले. आपल्याच माणसाची आपल्याच मंचावर अब्रू काढली, असंही म्हणाले. शेषरावांनी गावोगावी निरोप पाठवले, या बाईला बोलावू नका. दोन वर्षं एकाही मंचावर तिला जागा मिळाली नाही. वहीही शेषरावांकडंच राहिली.

"राहू दे वही," ती म्हणाली. "गानी माह्या डोक्यात हायेत. आता बोटात पायजेत."

वस्तीत धर्मपाल नावाचे मास्तर प्रौढांचा वर्ग घ्यायचे. जिनातून सुटली की ती थेट तिथं जायची. पाटीवर तिनं पहिला शब्द लिहिला तो स्वतःचं नाव नव्हता, 'सरकी' होता. पुढं वर्षभरात तिनं सतराही गाणी स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत उतरवली आणि ते कागद घेऊन आम्ही तिघं एसटीनं अमरावतीला गेलो. तिथं वामनरावांचा छापखाना होता.

वामनरावांनी कागद चाळले. "गाणी चांगली आहेत हो. पण मुखपृष्ठावर बाईमाणसाचं नाव? त्यापेक्षा यजमानांचं टाकू."

मोतीराम घाबरला. "नोका टाकू साहेब! लोक मले गायले लावतीन. माहा आवाज तुमी आयकला नाई."

वामनराव हसले, पण हट्ट सोडीनात. तेव्हा जाईबाई म्हणाली, "गानी मी केली. यानं मले टेम दिला. माहं नाव नसन छापाचं तं कागद परत द्या. अमरावतीत तुमचाच एक छापखाना हाय का?"

सोळा पानांची पुस्तिका निघाली. वर ठळक अक्षरांत: जाईबाई मोतीराम, अकोट.

मंच मिळत नव्हता, म्हणून आम्ही बाजारात उभ्या राहिलो. जिनातल्या केशरबाई आणि सुभद्रा साथीला आल्या. आठवडी बाजार, एसटीचा थांबा, जिनाचं फाटक, सुटीच्या दिवशी जिथं माणसं जमत तिथं ती गायची. पुस्तिका खांद्यावरच्या पिशवीत असायची. एका निवडणुकीत एक उमेदवार प्रचाराची गाणी मागायला जीप घेऊन दारात आला. "मी मतं नाई मागत," ती म्हणाली, "मी जाब मागतो." जीप आली तशी गेली.

मग कापसाच्या धुळीनं तिची छाती धरली. तिला जिनाचं काम सोडावं लागलं. वर्षभर ती खोकत होती आणि मी खुंटीवर होते. तेव्हा माझं कातडं कोरडं पडून चिरलं. चकत्या काळवंडल्या. मला तिचा राग नव्हता आला, पण खुंटीचा आला होता.

ती बरी झाली आणि त्याच चिरलेल्या कातड्यावर पुन्हा थाप मारू लागली. १९६६ मध्ये मोझरीजवळच्या एका गावी नातेवाइकांकडं जाताना वाटेत मंडप दिसला. शेषराव गात होते. आम्ही मागं बायकांत जाऊन बसलो. ते शेवटच्या कडव्याला आले, "शेषराव म्हणे..."

आणि समोरच्या बायकांनी एका सुरात उचललं, "जाई म्हणे!"

त्यांतल्या एकीनंही जाईबाईला पाहिलेलं नव्हतं. त्यांना ते कडवं तसंच ठाऊक होतं. शेषराव थांबले, इकडंतिकडं पाहिलं, पेटीवाल्याला खूण केली आणि दुसरं गाणं धरलं. जाईबाई मात्र खट्टू झाली. "आता बंद कावून केलं यानं? माहं नाव घे न गाय म्हना. गळा गोड हाय त्याचा."

यंदा, १९६९ साली, वस्तीत वाचनालय झालं. धर्मपाल मास्तर मला काचेच्या कपाटात ठेवायला न्यायला आले. खाली चिठ्ठीही लावणार होते. जाईबाईनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"पुस्तकं ठेवा कपाटात. हिचं कातडं बदलाचं हाय."

मित्रांनो, आजोबांचा ढोलक, आईची पेटी तुमच्याही घरी कुठं पडून असेल. ती जपा, पण नुसती पुसून जपू नका. वाजवा. फुटलं तर कातडं नवं चढवता येतं. माझं कालच चढलं. अजून कडक आहे, थाप नीट बसत नाही, आवाज जरा तिरसट निघतो. जाईबाईला तोच आवडला.

उद्या दर्यापूरला बाजार आहे. आम्हाला कोणी बोलावलेलं नाही. आम्ही जाणार आहोत.