हरिचंद्रने बंद केलेली ओळ

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात हरिचंद्रची खुर्ची एसीच्या बरोबर समोर होती. पायल नोकरीला लागली. खुर्ची तिथेच राहिली, गारवा मात्र तिच्याकडे वळला.

कारखाना सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवायचा. आतल्या चिपमधला प्रोग्राम पहिल्यापासून हरिचंद्रचा, सी भाषेतला. मोटर कोरडी चालू लागली की तिला बंद करणारं फंक्शन तर त्याचं लाडकं. बदलापूरला घरी आलेल्या पाहुण्यांनाही तो त्याचं कौतुक ऐकवायचा आणि पाहुणे माना डोलवत पोहे संपवायचे. पण चिप भरली होती, आणि परसराम शेठना आता बारवी धरणाचं पाणी लाइनला आलं की पंप आपोआप चालू व्हायला हवा होता.

"जागाच नाही, शेठ. मोठी चिप घ्या," हरिचंद्रने सांगून टाकलं. मोठी चिप म्हणजे मोठा खर्च. सिंध्यांच्या कॅम्प एकमध्ये धंदा शिकलेल्या शेठना एवढ्यानेच पित्त झालं.

पायलने चिपला हातही लावला नाही. तिने कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवायला लावलं आणि सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला बजावलं: मुख्य प्रोग्रामपासून निघ, तो ज्यांना बोलावतो ती घे, ती पुढे ज्यांना बोलावतात ती घे, ज्याला कोणीच बोलावत नाही त्याला दाराबाहेर ठेव. प्रोग्राम निम्म्यावर आला. मोकळ्या जागेत तिने पाण्याची चाहूल घेणारं आपलं फंक्शन बसवलं.

शेठनी डाळ-पकवानाची पहिली प्लेट तिच्यापुढे सरकवली. दुसरी हरिचंद्रला. पकवान तेवढंच कुरकुरीत होतं, त्याला मात्र ते वातड लागलं. बाहेर राहिलेली फंक्शनं जवळजवळ सगळी त्याचीच होती ना!

"दादा, पुसलं काहीच नाही हां," पायल म्हणाली. "तुमचा कोड फाइलमध्ये आहे तसा आहे. फक्त चिपमध्ये जात नाही."

"म्हणजे लग्नाला या, पण पंगतीला बसू नका."

"अहो दादा, जी कोणी वापरतच नव्हतं, तीच गेली."

तिने हे समजूत काढायला सांगितलं. हरिचंद्रने ते तिच्या नावे मांडून ठेवलं.

मांजर्लीच्या एका सोसायटीत नवा कंट्रोलर चालवून दाखवायचा होता. पायलला नेमकं त्याच दिवशी मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. आदल्या दुपारी हरिचंद्रने मुख्य प्रोग्राम उघडला आणि तिच्या फंक्शनला बोलावणाऱ्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या. ओळ बंद. लिंकरने हूं की चूं केलं नाही. कोणी बोलावत नाही म्हटल्यावर तिचं फंक्शन मुकाट्याने गाळलं. उद्या पाणी येईल, हिचा पंप ढिम्म राहील. मग आपण बटण दाबून मोटर चालवायची, कोरडी पाडून आपोआप बंद झालेली दाखवायची आणि म्हणायचं, शेठ, नवं ते नवं, पण वेळेला जुनंच कामाला येतं. वाक्य त्याने दोनदा घोकलंसुद्धा.

पाणी आलं. पंप ढिम्म. शेठचा चेहरा पडला. हरिचंद्रने ऐटीत बटण दाबलं, मोटर घुमली. "आता बघा, पाणी तोडतो. मोटर स्वतःहून थांबेल." त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

मोटर थांबली नाही. आवाज चढला, पंपरूममध्ये करपट वास सुटला.

"हरी! बंद कर ना साईं, जल जाएगी!"

हरिचंद्रने मेन स्विच खाली ओढला. तोवर शेठनी पायलला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. "बेटा, कुछ भी नहीं चल रहा."

पलीकडे बायकांचा गलका होता. "दादा, माझ्या फंक्शनला बोलावणारी ओळ चालू आहे ना? कोरड्या मोटरचं तुमचं फंक्शन आता माझ्याच आतून बोलावलं जातं. माझं गेलं की तुमच्याला बोलावणारं कोणी उरत नाही. लिंकर दोन्ही गाळतो."

हरिचंद्रने लॅपटॉप उघडून बघितल्यासारखं केलं. "ओळ... बंद दिसते."

"किसने बंद किया?" शेठनी विचारलं.

हरिचंद्र लॅपटॉपचा पडदा उगाच पुसू लागला.

"मीच केली असेल शेठ, टेस्टिंगला," ती म्हणाली. "चालू करायची राहिली. सॉरी."

"कोई बात नहीं, बेटा!"

हे 'कोई बात नहीं' हरिचंद्रच्या वाट्याला इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. आणि पोरीला खोटंही आपल्यापेक्षा सफाईने बोलता यावं, तेही आपल्याला वाचवायला! पकडले गेलो असतो तर कमी झोंबलं असतं.

त्याने रेघा पुसल्या, प्रोग्राम पुन्हा बांधून चिपमध्ये भरला, व्हॉल्व्ह उघडला, मेन चालू केला. पंप आपोआप सुरू झाला. व्हॉल्व्ह फिरवताच मोटर शहाण्यासारखी थांबली.

"देखा हरी? पायल का कमाल!"

"हे कोरडं पडल्यावर थांबणंपण त्या मॅडमनीच केलंय का?" सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं.

हरिचंद्रने तोंड उघडलं. ते माझं, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग मघाशी का नाही थांबली?

"हो," तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "मॅडमनीच."

पायलला मॅडम म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ, आणि शेठनी स्पीकरवरचा फोन ठेवलाच नव्हता.