पाच मिनिटांचा पाहुणा

टायमर वाजला तेव्हा मुद्रितशोधक 'दिर्घायुष्य' या शब्दावर होता. पहिली वेलांटी दीर्घ करायची राहिली, पण नियम म्हणजे नियम. पंचवीस मिनिटं पुस्तक, पाच मिनिटं आई.

ही शिस्त ताईच्या फोनमुळे लागली होती. "घरून काम आणि आई, दोन्ही नाही जमायचं तुला," ती म्हणाली होती. "हेही पुस्तक लांबलं ना, तर मी तिला वृद्धाश्रमात नेणार. मग तोंड पाडून बसायचं नाही." दीर्घायुष्याचे सोपे उपाय सांगणारं ते सहाशे पानी पुस्तक आज पाचच्या आत छापखान्यात हवं होतं. साडेतीन वाजले होते, अजून तीस पानं तपासायची होती.

सोबतीला तो मंद बासरी लावून ठेवी. शब्द असलेलं गाणं चालत नसे. तो त्यातल्याही चुका काढत बसे.

बाहेरच्या खोलीत आई खिडकीपाशी बसली होती. ऊन तिच्या मांडीवर पाळलेल्या मांजरासारखं पसरलं होतं. दारातून बासरी झिरपत होती आणि सगळी खोली संथ पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती.

"या," आई म्हणाली. "दुपारपासून तुम्ही सातवे."

सातही वेळा तोच आला होता. पण हे पटवण्यातच पाच मिनिटं गेली असती.

"हळू बोला हं. मुलगा आत काम करतोय. ते वाजतंय ना, तोवर त्याचं लक्ष असतं."

"काय काम करतो?"

"लोकांच्या चुका काढतो. लहानपणी त्यासाठी धपाटे खायचा, आता पगार घेतो."

त्याला हसू आलं. "मग तुमच्याजवळ येऊन बसतो की नाही?"

"वेळ कुठाय हो त्याला? मीही हाक मारत नाही." आईने आवाज आणखी खाली आणला. "त्याचं काम अडलं तर मला दुसरीकडे नेणार आहेत म्हणे. म्हणून मी आपली गप्प असते."

आत टायमर वाजला. तो उठला.

"निघालात?" आईने त्याची बाही धरली. "बसा की जरा. बोलू नका, नुसतं बसा. त्याचं होऊ दे."

तो पुन्हा टेकला. आत बासरी चालू होती, म्हणजे मुलाचं काम व्यवस्थित चाललं होतं. अशा वेळी मध्येच आत जाणं बरं दिसलं नसतं.