खळीने चिकटवलेले पान

मित्रांनो, मला वाचून रडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. मी एक जुनी कादंबरी आहे, गुलामगिरीविरुद्ध लिहिलेली. तुम्हाला वाटेल, काय हिचे भाग्य! ते भाग्य कसले होते, ते आता ऐका.

माझा कागद सुती कपड्यांच्या चिंध्यांचा आहे. गिरणीत त्या भिजवल्या, कुटल्या आणि त्यांचा लगदा केला. त्यातला कापूस कोणी वेचला असेल, हे मी सांगायला नको. त्या कागदावर गुलामांची दुःखे छापली गेली आणि वर निळे कापडी कव्हर चढले. मी दिसायला छान होते.

मला लिहिले केझाया रो हिने. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मेरीलँडातल्या एका मळ्यावरून पळून ती उत्तरेत, जिथे गुलामगिरी नव्हती, त्या न्यू बेडफर्डच्या बंदरात आली होती आणि शिवणकाम करून पोट भरत होती. स्वतःचीच हकिकत तिने माझ्यात घातली, पण सगळी नावे बदलून. माझ्यातली मुलगी मालकाच्याच मळक्या चादरींखाली लपून धुण्याच्या गाडीतून फाटकाबाहेर पडते. गाडी हाकते एक म्हातारी मावशी. खऱ्या हकिकतीत मावशी नव्हतीच. ती होती केझायाची थोरली बहीण डॉर्कस, आणि ती अजून त्याच मळ्यावर धुणे धूत होती. म्हणून तर केझायाने कादंबरी लिहिली. काय झाले ते सगळे सांगायचे, कोणी केले ते सांगायचे नाही.

माझा मुक्काम मिसेस विंगेट यांच्या शिवणाच्या खोलीत होता. दर गुरुवारी तिथे बायका जमत आणि गुलामगिरीविरोधी जत्रेत विकण्यासाठी रुमाल, टोप्या शिवत. एकजण मला मोठ्याने वाचे, बाकीच्या डोळे पुसत. गुलामांच्या मळ्यावरची साखर त्या चहात घालत नसत. मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक घालत, आणि घालताना तसे बोलूनही दाखवत. सुईतला दोरा कुठून आला, हा विषय मात्र कोणी काढत नसे. केझाया दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांच्या टोप्यांना लेस लावून देई.

मग टीकाकार जागे झाले. एकाने लिहिले, भाषा इतकी शुद्ध आहे की हे त्या बाईचे असणे शक्यच नाही, कोण्या पाद्र्याने लिहून दिले असणार. दुसऱ्याने चादरींच्या गाडीवर नाक मुरडले आणि ही परीकथा आहे असे ठरवून टाकले. दक्षिणेकडच्या वर्तमानपत्रांनी तर सरळ थापा म्हटले. हळूहळू शिवणाच्या खोलीतल्या नजराही बदलल्या.

"केझाया, खरंच तूच लिहिलंस का गं?" एकीने विचारलेच. "मनाला लावून घेऊ नकोस हं, आपलं सहज विचारलं."

"छे हो बाईसाहेब," केझाया म्हणाली, "माझ्या सुईनं लिहिलं. मी नुसती धरून बसले होते."

कोणी हसले नाही.

त्याच आठवड्यात माझे प्रकाशक मिस्टर लोथ्रॉप आले. काळ्या माणसाच्या पुस्तकाला गोऱ्या सभ्य गृहस्थांची साक्ष जोडायची, अशी तेव्हा रीत होती. दोन पाद्री साक्ष द्यायला तयार होते, पण त्यांना पुरावा हवा होता. मळ्याचे नाव, मालकाचे नाव, नदीचे नाव.

"नको, साहेब," केझाया म्हणाली. "त्या मळ्यावर धुणं धुणारी एकच आहे."

"तिचं नाव कुठं घालतोय आपण? आणि तिकडे आपली पुस्तकं जाळतात गं, वाचत नाहीत."

"जाळणाराही आधी चाळून बघतो."

"असं बघ. तू खोटी ठरलीस, तर तुझ्यामागून जो कोणी पळून येईल त्याचंही खोटंच ठरेल. चालेल तुला?"

 मित्रांनो, केझायाने खूप वेळ लेसचा तुकडा बोटांभोवती गुंडाळला आणि सोडला. शेवटी तिने तिन्ही नावे सांगितली.

चादरींची गाडी खरीच होती, अशी साक्ष आणि ती तिन्ही नावे असलेले नवे पान छापून आले. पुढच्या गुरुवारी बायकांनी रुमाल बाजूला ठेवले आणि पिठाची खळ करून शिल्लक राहिलेल्या सगळ्या प्रतींत ते पान चिकटवले. माझ्यातही चिकटवले. मोठ्या हौसेने चालले होते ते काम. आता पुस्तक पूर्ण झाले, असे मिसेस विंगेट म्हणाल्या.

दक्षिणेतल्या एका वर्तमानपत्राने टिंगल करायची म्हणून ते पान जसेच्या तसे छापले.

ही बातमी एनॉकने आणली. तो किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी होता आणि केझायाच्या ओळखीचा होता. बायका जमलेल्या असतानाच तो दारात उभा राहिला.

"केझाया, आधी बस."

"उभ्यानंच सांग, दादा."

"मालकानं पेपरात वाचलं. डॉर्कसला काही विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दलालाच्या हवाली केली. खाली धाडली, कापसाच्या मुलखात."

"खाली म्हणजे कुठं?"

"तेवढंच कळलं गं. तो मुलूख काय एवढासा आहे?"

"काही म्हणाली का?"

एनॉकने टोपी हातात फिरवली. "धुणं भिजत होतं म्हणे. तेवढं पिळून टाकू द्या म्हणाली. टाकू दिलं नाही."

बायका रडल्या. माझ्यावर रडत तशाच, त्याच रुमालांनी. मिसेस विंगेट हुंदका आवरून म्हणाल्या, "किती हृदयद्रावक! केझाया, हे तू लिहिलंच पाहिजेस."

संध्याकाळी मिस्टर लोथ्रॉप धावत आले. त्यांचेही डोळे ओले होते, ते मी नाकारत नाही. पण ते म्हणाले, "आता कोणाची छाती आहे आपल्याला खोटं म्हणायची?"

केझायाने कात्री उचलली. मला उघडून ते पान मुळापासून कापले, शेगडीत टाकले, बोटातले अंगुस्तान काढून खिशात घातले आणि ती निघून गेली. त्यानंतर तिने एक ओळही लिहिली नाही. पुढे उत्तर-दक्षिणेची लढाई संपून गुलाम सुटले, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या जाहिराती येऊ लागल्या: माझी बहीण डॉर्कस, धुणे धुणारी, कोणाला आढळल्यास कळवावे. मिसेस विंगेट त्या मोठ्याने वाचत, डोळे पुसत आणि पुढचे पान उलटत. पुष्कळ वर्षांनी जाहिराती यायच्या थांबल्या.

माझ्या बाकीच्या प्रती कधीच हरवल्या, आणि आज मी एका मोठ्या ग्रंथालयात काचेखाली आहे. आता टीकाकार माझी स्तुती करतात. लेखिकेने पुढे लिहिले नाही, ही साहित्याची केवढी हानी, असे म्हणतात. माझ्यातले एक पान गेले आहे याची त्यांना फार हळहळ वाटते.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या, असे सांगायची माझ्यासारख्यांची पद्धत आहे. पण मी ते सांगणार नाही. माझे कव्हर फाटले तरी चालेल. कोणी आपले दुःख सांगू लागला, तर पुरावा मागण्याआधी एवढेच विचारा, की तो दिला तर कोणाच्या जिवावर बेतेल.

मला पूर्ण करण्यासाठी विद्वान मंडळी ते पान अजून देशोदेशी शोधत आहेत. डॉर्कसला शोधणारी एकटी केझाया होती.