कडेची केसर

अमिषाने स्क्रीनवरच्या फोटोवर बिल्ल्याचा गोल ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. केसरचा गाल काही त्या गोलात मावेना.

“काका, बिल्ल्याची कड मागे दुमडते. चेहऱ्याभोवती बोटभर जागा लागते. इथं तर गालाशीच फोटो संपतो. काकींचा दुसरा नाही का?”

“यकच हाय, बाय.”

“हळदीतला वगैरे?”

“हलदीन ती उभी कवा ऱ्हायली? सगले फोटू हललेले.”

अमिषा हसली. समोर बसलेला सदाही हसायला गेला आणि मध्येच थांबला.

शिमग्याआधी त्याची बायको केसर वारली. रेवदंड्याच्या बाजारात तिच्या शेजारी मासळीच्या टोपल्या मांडणाऱ्या बायांनीच बिल्ले मागितले होते. नारळी पुनवेच्या मिरवणुकीत केसर पुढे, बाया मागे, असंच आजवर चाललेलं. यंदा पुढे कुणी नाही, तर निदान प्रत्येकीच्या पदरावर ती असावी.

फोटो नवी बोट पाण्यात सोडली त्या दिवसाचा. झेंडूच्या माळा, ओलं लाकूड आणि मधोमध लाल अक्षरांत ‘धनलक्ष्मी’. डाव्या कडेला केसर, नव्या लुगड्यात. बघत होती फोटो काढणाऱ्याकडे, काही विचारल्यासारखी.

“इतक्या कडेला का उभ्या राहिल्या काकी?”

सदाने टेबलावरचा नमुन्याचा बिल्ला उचलला. त्याची टाचणी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

“मधीच व्हती ती. मीच बोललो, जराशी सर, बोटीचं नाव झाकतंय. सरली. परत बोललो, आजून सर.”

“मग?”

“बोलली, हिच्याशीच लगीन लावाचं व्हतं ना मंग.”

 अमिषाने केसरची आकृती हलकेच कापून घेतली, केसांच्या कडेने, पदराच्या काठाने, आणि सरकवत सरकवत मधोमध आणली. आता तिच्या भोवती जागाच जागा होती. गोल नीट बसला. मागच्या लाल अक्षरांतला एका बाजूला ‘ध’ तेवढा उरला, दुसऱ्या बाजूला ‘मी’.

“चेहरा बसला, काका. पण बोटीचं नाव गेलं. बारीक करून खाली घेऊ का?”

सदा खुर्चीतून पुढे वाकला. 

“नको,” तो म्हणाला. “नाव झाकू दे तिला.”