थिर्झाचा मळका खाका

मी खाका बोलतोय, आणि तोंडं म्हणाल तर मला तीन हजार चारशे बारा आहेत. ती पाडताना सात सुया मोडल्या. बरं, तीन.

माझा जन्म इंग्लंडातल्या रेशीम रंगवणाऱ्या एका गावात, थिर्झा मॉट्रमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. ती भरतकामाच्या कारखान्यात कामाला होती. रानगुलाबाचा वेल आणि त्यात बसलेला चंडोल तिनं माझ्यावर पेन्सिलीनं काढला. कुठल्या पानाला कुठला धागा, तेही पानातच लिहिलं. मग माझ्याखाली दोन कोरे कागद घालून तिघांना एकदमच टोचलं. तिथली रीतच तशी. खाका कापडावर ठेवून वरून कोळशाची पूड घासली, की भोकांतून नक्षी ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरते.

खालचे दोन स्वच्छ कागद मालकांनी नेले आणि एकावर झोकात सही ठोकली. मी मळका, म्हणून घरीच राहिलो. पंच्याहत्तर वर्षं कपाटाच्या खणात लोकरी मोज्यांखाली अंथरलेला होतो. मोज्यांकडून फारसं शिकायला मिळत नाही.

मग संग्रहालयात जुन्या भरतकामाचं प्रदर्शन ठरलं. कुठली नक्षी मुळात कोणाची, हे शोधायचं काम हॅलम नावाच्या गृहस्थांकडे होतं. रानगुलाबाच्या कापडाखाली त्यांनी मालकांच्या नावाची पाटी तयार ठेवली. हे कानावर येताच थिर्झाची मुलगी डॉर्कस, वय एक्क्याऐंशी, मला गुंडाळून तिथं हजर.

"डॉर्कसबाई, मूळ कागद आमच्याकडे आहे, सहीसकट," हॅलम म्हणाले. "हा मळका म्हणजे त्याची नक्कल."

"सही काय, माझं मांजरही करेल. आईला काढताना मी पाहिलंय. टेबलाखाली बसून."

"टेबलाखालून?"

"मग वर जागा कुठं होती? वर हा पसरला होता! आणि बघायचं ते आत्ताच बघा. पाटी मला डोळ्यांनी बघायचीय, आणि डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्याचा भरवसा नाही."

हॅलमनी मला आणि त्या सहीच्या कागदाला एकावर एक ठेवून खिडकीशी धरलं. भोकाला भोक जुळलं. सहीच्या कागदावर पेन्सिलीची एकही रेघ नव्हती, आणि सहीची शाई भोकांतून पाठीमागे झिरपली होती.

"म्हणजे टोचलं आधी, सही नंतर," ते पुटपुटले. "पण या मळक्यावरचं अक्षर कोणाचं?"

डॉर्कसनं पिशवीतून आईनं लिहिलेली ओटच्या धिरड्यांची कृती काढली. भिंग घेऊन हॅलमनी दोन्ही अक्षरं ताडून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तिचंच आहे. पण बाई, माहितीपुस्तिका छापून झालीय हो."

"मग खोडा. पेन्सिल देऊ?"

त्यांनी जुनी पाटी फाडली आणि नवी लिहिली: 'रेखाटन: थिर्झा मॉट्रम'. डॉर्कसनं ती दोनदा वाचली. "अक्षर बारीक काढलंत," म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

उन्हाळा तिनं पाहिला नाही.

उजेडानं पेन्सिल विटते म्हणून मला आता अंधाऱ्या पेटीत ठेवतात. माझी तक्रार नाही. आलात, तर मला बघायचा हट्ट करू नका. भिंतीवरची पाटी वाचा, पण जरा मोठ्यानं. ते नाव घेणारं घरचं आता कोणी उरलेलं नाही.