सरळ केलेला गोठा

मॉन्टानातल्या त्या रँचवरचा गोठा १८९१ साली उभा राहिला आणि तेव्हापासून पूर्वेकडे कलत आला. बांधणाऱ्याचे पणतू वॉल्ट आता एक्याऐंशीचे होते. त्यांच्या गाई आजही त्यातच बांधलेल्या. उद्या राज्याच्या वारसा-यादीसाठी पाहणी होती. यादीत नाव लागलं की गोठा पाडून पत्र्याची शेड टाकायचा भावकीचा बेत बारगळणार होता. भावकी मॉन्टानातही असते, फक्त पिकअपमधून येते. वॉल्टची सून अनिका दोन वर्षं त्यासाठी कागद जमवत होती.

नेमके तेव्हाच तिचे बाबा, गुरुनाथ, दूर पूर्वेकडच्या हर्नडन शहरातून आले. रिटायर्ड इंजिनियर. पाहुणे येणार म्हटलं की भिंतीवरची वाकडी फ्रेम सरळ करणारा माणूस. अनिका गावात गेली आणि गाई बाहेर सोडलेल्या, तेवढ्यात त्यांनी चार जॅक, एक चेन-पुली आणि स्पिरिट लेव्हल घेऊन गोठा सरळ केला.

"बाबा! व्हॉट डिड यू डू?"

"थँक यू म्हणतात अशा वेळी."

दार उघडेना. चार पिढ्यांनी दारं, खिडक्या, गव्हाणी, सगळं त्या कलाच्या अंदाजानं बसवलं होतं. गोठा सरळ झाला आणि आतलं सगळं वाकडं. गाई बाहेर बर्फात उभ्या.

"अर्जाला जोडलेल्या प्रत्येक जुन्या फोटोत तो कललेला आहे, बाबा!"

"फोटो सरळ करता येतात."

वॉल्टनी दार ढकलून पाहिलं. "गुरू, काम झकास केलंस. आता परत वाकडा कर."

"किती अंश?"

"दार सांगेल."

गुरुनाथ जॅक पाव-पाव फेरा सैल करत गेले. वॉल्ट दाराला हात लावून उभे.

"बास?"

"अजून."

"पडेल हो!"

"पडत नाही. बसतोय."

लाकडं करकरली आणि दार आपसूक उघडलं. गाई कुणाची परवानगी न घेता आपापल्या जागी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाहणीला आलेल्या बाईंनी गोठ्याला दोन चकरा मारल्या. "इतक्या वर्षांत सरळ करावासा कुणालाच वाटला नाही?"

"आमच्यात एवढं शिकलेलं कुणी नव्हतं," वॉल्ट म्हणाले.

बाईंनी 'मूळ स्वरूप शाबूत' असं लिहून सही केली. गुरुनाथ काहीतरी खुलासा करायला पुढे सरकले. अनिकानं त्यांच्या हातात चहाचा कप दिला.